धुरात बसवलेली देवी

फुलवाल्याच्या हाताला एक खोड असते. फुलं दिसली की हात आपोआप पाण्यात जातो आणि शिंपडतो. अमरावतीत माझं फुलांचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना, फोनवर भांडताना, बायकोचं ऐकून घेताना हात आपला टमरेलात आणि टमरेलातून टोपलीवर. एकदा एका शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेत मी तिरडीच्या बाजूनं चालता चालता बाटली काढून हारांवर पाणी शिंपडलं. मागच्या लोकांना वाटलं, काही विधी असेल. त्यांनीही आपापल्या बाटल्या काढल्या. शेजारी घाटावर पोचला तेव्हा चिंब झाला होता आणि लाकडं पेट घेईनात. मी सगळ्यांबरोबर सरणाला नावं ठेवली.

हसायला ही गोष्ट बरी आहे. पुढची मी लोकांना अशीच हसवत सांगतो, पण तेव्हा साळा समोर नाही ना, हे आधी पाहून घेतो.

साळा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. अकोल्याच्या अलीकडे त्यांचं वावर आहे, त्यात मोगरा, निशिगंध आणि बांधाकडेला भाजीपाला. माणूस सरळ, कमी बोलणारा, हिशेबाला पक्का. त्याच्या बायकोला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा सातव्या महिन्यात सगळं संपलं. पहिल्या वेळेपर्यंत साळा देवाला नुसता ओळखत होता, दुसऱ्या वेळेनंतर भ्यायला लागला. तिसऱ्यांदा सातवा महिना पार पडला तेव्हा सासूबाईंनी सांगून टाकलं, की त्यांनी डोंगरावरच्या देवीला बोलून ठेवलंय. यंदाच्या मोगऱ्याचा पहिला तोडा, त्यातली एक कळीही बाजारात न जाता, बाळंतपणाच्या आधी देवीच्या पायावर. आधीच्या दोन वेळी त्या बोलल्या होत्या आणि राहून गेलं होतं. जे झालं ते त्यामुळेच झालं, असं त्या घरात सगळ्यांना वाटत होतं. सुनेला तर फारच वाटत होतं. ती पोटावर हात ठेवून पडून असायची आणि मोगऱ्यानं कळ्या धरल्या का, हे रोज नवऱ्याला विचारायची.

सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यांनी पोराला पाठवायचं ठरवलं आणि वर म्हणाल्या, "जवाई संग पायजे. जवाई दारात आला तं देवी बी नाई म्हनत नाई."

मी अमरावतीहून गाडी काढून लगेच गेलो. सासरवाडीत मला कामासाठी बोलावणं तसं कमीच येतं. जेवायला बोलावतात.

पहिला तोडा पहाटेच झाला होता. बांबूच्या दुरडीत ओलं गोणपाट, त्यावर पळसाची पानं, त्यावर मोगरा, वरून परत ओलं फडकं. देवाची फुलं हुंगायची नसतात, म्हणून साळ्यानं दुरडी पहिल्यापासून डोक्यावर घेतली, नाकाच्या वर. माझ्याकडे पिशवी दिली. तिच्यात ओटीचं सामान होतं, खण, तांदूळ, नारळ, शेंदूर आणि तेलाची बारकी बाटली. शिवाय पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या. पाणी माझ्याकडे होतं, हे लक्षात ठेवा.

अकोटच्या पुढे सातपुडा दिसायला हवा होता, तिथं काहीच नव्हतं. चैत्र संपत आलेला आणि जंगलात ठिकठिकाणी वणवे. डोंगराच्या जागी नुसता धूर उभा होता, मळक्या धोतरासारखा. पायथ्याच्या फाटकावर आडवा बांबू टाकून वनखात्याचा एक माणूस तोंडाला दुपट्टा बांधून बसला होता.

"पायऱ्यायच्या वाटंनं वर आग हाय," तो म्हणाला. "कोनालेच सोडून नाई राहिलो."

"नवस हाय, साहेब," साळा म्हणाला. "बायको दिवसांत हाय."

त्या माणसाला खरोखर वाईट वाटलं. तो उठून उभा राहिला. "मंग असं करा. फुलं इथंच पहिल्या पायरीवर ठेवा अन् हात जोडा. मी वनवा विझला का स्वतः वर नेऊन देतो. देवीले समजते."

साळ्यानं दुरडी डोक्यावरून अर्धी खाली घेतली होती. तेवढ्यावर काम होत होतं. पाहा, तेव्हा मी तोंड उघडलं नसतं तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "पायरीवर ठेवाले एवढ्या दूर आलो का आपन? मले मागून रस्ता मालूम हाय. लहानपनी गेलतो काकासंगं. नाल्यानं वर चढलं का देवीच्या पाठीशी निंगतो."

"वाट हाय का तिकून?"

"वाट नाई. पन मी हाय."

मेहुण्यापुढे असली वाक्यं फार चटकन सुचतात. लहानपणी मी गेलो होतो हे खरं आहे, पण काकांच्या खांद्यावर बसून, आणि बराच वेळ झोपेत.

डोंगराला वळसा घालून गाडी एका मोहाखाली लावली. खालची जमीन जाळून काळी केलेली होती. मोहफुलं पडलेली दिसावीत, वेचायला सोपी जावीत, म्हणून पालापाचोळा पेटवून देतात आणि ती आग कधीकधी कोणाला न विचारता पुढे चालू लागते. आम्ही कोरड्या नाल्यात उतरलो आणि चढायला लागलो.

सागाची पानं घोट्याच्या वर साचली होती. पाऊल टाकलं की पापडांच्या ढिगावर टाकल्यासारखा आवाज, आणि खाली दगड आहे की खड्डा, ते पडल्यावर कळायचं. मी तीनदा पडलो. साळा एकदाही पडला नाही, कारण त्याच्या डोक्यावर त्याचं लेकरू होतं म्हणा ना. एक हात दुरडीला, एक झाडांना, आणि श्वास तोंडानं. सूर्य शिळ्या झेंडूसारखा दिसत होता, डोळे भरून बघता येईल असा. धूर दरीतून वर यायचा, कधी पातळ, कधी इतका दाट की पुढे चाललेल्या माझे नुसते पाय साळ्याला दिसायचे. तो खोकायचा. खोकताना मान हलू देत नव्हता, दुरडी हलेल म्हणून. हे पाहायला फार गमतीचं होतं आणि मी ते त्याला बोलूनही दाखवलं.

"अबे, तू खोकून राहिला का मंत्र म्हनून राहिला?"

"चाला ना भाऊजी."

"चालून तं राहिलो. तूच मागं पडून राहिला. एवढं वजन तं तुया बायकोले बी नाई."

त्यानं दुरडी सावरली आणि पाय उचलला.

दर थोड्या वेळानं आम्ही थांबायचो. तो दुरडी एका दगडावर ठेवायचा, दूर जाऊन बसायचा, आणि मी फडकं उचलून फुलं पाहायचो. उन्हानं आणि धुरानं कळ्यांची टोकं पिवळी पडत होती. वर राख पडलेली. मी बाटली काढून शिंपडायचो. परत थांबलो की परत शिंपडायचो. मध्येच चालताना त्याच्या मागं जाऊन, हात उंच करून, टाचांवर उभा राहून शिंपडायचो. साळाही फुलवालाच. त्याला त्यात काही वेगळं दिसलंच नाही. दुसऱ्या कोणा माणसानं मला अडवलं असतं. तो म्हणाला, "बाजूनं बी टाका उलशीक."

नाल्याला दोन फाटे फुटले तिथं एक जाळी जळून गेली होती. बुडाशी एक रानकोंबडी बसली होती. अंड्यांवर बसलेली, पंख थोडे पसरलेले, मान खाली. जवळ गेल्यावर कळलं की ती तशीच जळाली आहे. उठलीच नव्हती. मला काही सुचलं नाही की मी बोलतो, ही माझी दुसरी खोड.

"हे तं भाजून तयारच हाय," मी म्हणालो. "मीठ आनलं का?"

साळ्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं दुरडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, कोंबडीला लांबचा वळसा घातला आणि पहिल्यांदाच माझ्या पुढे निघाला. नंतर बराच वेळ मला त्याची पाठ दिसत होती. जरा पुढे जाऊन तो थांबला आणि न वळता विचारलं, "डावीकून का उजवीकून?"

"डावीकून."

"पक्कं?"

"डोळे बांधून नेतो."

डोळे बांधल्यासारखंच होतं सगळं.

पुढचा चढ उभा होता. कुसळानं भरलेलं गवत, हाताला लागलं की तुटणारं. उजवीकडे खाली कुठंतरी बांबू फुटत होते, फटाक्यांसारखे, आणि धुराच्या फटीतून एकदा आग दिसली. गुडघ्याएवढीच होती. घाई नाही, आरडाओरडा नाही, गाय चरत पुढे सरकते तशी सरकत होती. साळा एका झाडाला टेकला आणि ओकला. ओकायला आधी पोटात काही असावं लागतं, त्यामुळे नुसतेच उमासे. दुरडी त्यानं आधी माझ्या हातात दिली होती.

"भाऊजी, पानी द्या."

मी पिशवीत हात घातला. एक बाटली रिकामी होती, हे मला माहीत होतं. दुसरी काढली. तळाशी टोपणभर पाणी हललं.

त्यानं बाटली पाहिली, दुरडी पाहिली. दुरडीच्या बुडातून थेंब गळत होते. फुलं मजेत होती. त्यानं बाटली तोंडाला लावली, ते टोपणभर प्यायला आणि बाटली परत माझ्या पिशवीत नीट ठेवली.

"गोनपाट पिळू का?" मी विचारलं.

"देवीचं हाय ते."

"नारळ हाय ना. फोडू."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी पिशवीचं तोंड बंद केलं. देवीपुढे ठेवल्याशिवाय नारळ फुटत नाही, हे पोरंसोरंही जाणतात. पण तेव्हापासून तो नारळ माझ्या मांडीला लागत होता आणि आतलं पाणी मला प्रत्येक पावलाला ऐकू येत होतं. डबडब, डबडब. जीभ टाळूला चिकटली होती. असं पाणी मी आयुष्यात कधी ऐकलं नाही.

माथा जवळ आला हे वाऱ्यावरून कळलं. साळा खाली एका खडकाला पाठ लावून बसला. डोळे सुजून बारीक झालेले, ओठांना चिरा, छातीतून शिट्टीसारखा आवाज.

"तुमी पुढं जाऊन पाहा," तो म्हणाला. "मंदिर दिसलं का आवाज द्या. मी येतो."

मी चार हातापायांवर वर गेलो.

वर काही नव्हतं. सपाट जागा, जळकं गवत, सालईचं एक वाकडं झाड आणि दगड. मंदिर नाही, ओटा नाही, घंटा नाही. मी सगळीकडे फिरलो. पलीकडे कडा होता आणि कड्याखाली धूर. मी चुकीच्या डोंगरावर आलो होतो. फाट्यावर उजवीकडे जायचं होतं.

त्या वेळी मला काय वाटलं, ते मी लोकांना दोन तऱ्हांनी सांगतो. पहिली अशी. साळ्याला खरं सांगितलं असतं तर तो उठून त्या आगीतून दुसऱ्या डोंगराकडे निघाला असता आणि त्याच्या बायकोला पोर व्हायच्या आधी विधवा व्हावं लागलं असतं. म्हणून मी जे केलं ते त्याच्या भल्यासाठी केलं. ही गोष्ट पुष्कळांना पटते. दुसरी अशी, की नारळ माझ्या मांडीला लागत होता.

सालईच्या बुडाशी कंबरेएवढा एक दगड होता, वरून जरा गोल. मी त्याच्यासमोर बसलो. तळहातावर तेल ओतलं, शेंदूर कालवला आणि वरपासून खालपर्यंत फासला. तेल कमी पडलं तिथं थुंकी लावली, तीही फार निघेना. मग नखानं दोन डोळे कोरले. एक डोळा वर गेला. खण पांघरला. बाजूला तीन लहान दगड रचले. काम झाल्यावर मी दोन पावलं मागं सरकलो आणि खोटं सांगत नाही, मला स्वतःलाच हात जोडावेसे वाटले. इतकी ती चांगली जमली होती.

"ये बाप्पा," मी ओरडलो. "सापडली."

तो आला. रांगतच आला म्हणायला हरकत नाही. दुरडी पुढे सरकवायची, मागून स्वतः यायचं. धुरात त्याला तो शेंदरी रंग दिसला आणि तो तिथंच आडवा पडला. कपाळ जमिनीला लावून. बऱ्याच वेळानं उठला.

"मंदिर नाई?"

"हे मूळ ठान हाय. मंदिर मंग बांधलं, खाली."

माझ्या तोंडून असं काही निघालं की मला आतून आनंद होतो, काय करू.

त्यानं फडकं काढलं. एकेक ओंजळ करून सगळा मोगरा त्या दगडावर घातला. दगड शेंदरीचा पांढरा झाला. ओठ हलत होते. मी ऐकायला नको होतं, पण शेजारीच होतो. तो म्हणत होता, "उशीर झाला माय. माफ कर. हे एक राहू दे. मांगचे दोन तुये. हे राहू दे." हेच परत परत. मी नारळ हातात घेऊन उभा होतो आणि मनात म्हणत होतो, आटप लेका.

शेवटी त्यानं मान हलवली. मी नारळ फोडला. पाणी हातावर घेऊन देवीला दाखवायचं असतं, मी दाखवलं असं समजा. अर्धी करवंटी त्याला दिली, अर्धी मी तोंडाला लावली. मग खोबरं. तो चावत बसला होता, डोळे मिटून, आणि चेहरा पहिल्यांदा सैल पडला होता. मीच त्याला म्हणालो, "चाल, झालं एकदाचं."

तेवढ्यात वारा फिरला.

दरीतला धूर एका बाजूनं उचलला गेला, बाईनं पदर सावरावा तसा. समोर दुसरा डोंगर निघाला. त्याच्या माथ्यावर चुन्यानं रंगवलेलं देऊळ, पत्र्याचा मांडव, लाल झेंडा. झेंडा फडफडत होता तेही दिसत होतं. मधल्या खिंडीत आगीची रेघ होती, पण विझत आलेली. संध्याकाळपर्यंत संपली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईमाणूसही चालत गेलं असतं.

"भाऊजी," साळा म्हणाला. "ते काय हाय?"

"कुठी?"

"तिकडं."

"ते दुसरं असन एखादं."

"झेंडा हाय. पत्रे हायेत. मी पायऱ्यायनं गेलो हावो तिथं, लग्नाच्या आधी."

मी करवंटीतलं उरलेलं खोबरं खरवडायला लागलो.

"मंग हे कोन हाय?"

दगडाकडे पाहिल्यावर त्याला पहिल्यांदा तो वर गेलेला डोळा दिसला असावा. मग माझा हात दिसला, मनगटापर्यंत शेंदरी.

"देवी सगळीकडंच असते," मी म्हणालो.

"असते ना. मंग घरी बी होती. इथं काहून आनलं मले?"

त्याच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा होता. प्रसाद असेल तर थुंकता येत नाही आणि नसेल तर गिळायचा कशाला. तो तुकडा त्यानं गालात तसाच धरून ठेवला. खाली बसला आणि दगडावरची फुलं उचलून दुरडीत घालायला लागला. घाईघाईनं, दोन्ही हातांनी. दुरडी पाव भरली तेव्हा त्याचे हात थांबले. फुलांना तेल लागलं होतं, शेंदूर लागला होता. पण कारण ते नव्हतं. एकदा वाहिलेलं फूल परत वाहता येत नाही, हे आम्हा दोघांना सांगायला तिसरं माणूस लागत नव्हतं. आमच्या घरांत पोराला अक्षरं यायच्या आधी हे येतं. मी माथ्यावर नुसतं 'चुकलो' म्हटलं असतं तर ती फुलं अजून फुलंच राहिली असती. आता ती निर्माल्य होती. आणि पहिला तोडा वर्षातून एकदाच असतो.

त्यानं दुरडी परत दगडावर पालथी केली.

उतरताना तो पुढे, मी मागे. पायथ्याच्या वस्तीत हातपंप होता. मी हापसत होतो, तो पीत होता. मग त्यानं मला हापसून दिलं, हे सांगायला पाहिजे. पाणी पिताना वर बघितलं तर तो माझ्याकडे पाहत होता.

"घरी काय सांगायचं?" मी विचारलं.

"तुमीच सांगा. तुमाले येते."

"तू?"

"मी तिथंच बसतो. ऐकतो."

दारात त्याची बायको खुर्ची टाकून बसली होती. भिंतीला धरून उठली. सासूबाई आत जपमाळ टाकून बाहेर आल्या. दोघींनी त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी सांगितलं. आगीतून कसे गेलो, धूर कसा फाटला, देवीनं कशी वाट दिली, पहिली ओंजळ घालताना झेंडा कसा आपोआप आमच्याकडे वळला. साळा उंबऱ्यावर बसून होता, नजर माझ्या तोंडावर. त्याची बायको रडली. नंतर म्हणाली, "आता मी झोपते." सासूबाई म्हणाल्या, कित्येक दिवसांत तिनं पहिल्यांदा झोपते म्हटलं.

मला वाटलं, एवढ्यावर सुटलो.

अमरावतीला परत आल्यावर फोन सुरू झाले. साळा फोन करायचा, दुकानात गर्दी असली की हमखास.

"आज तिचे पाय सुजले," एवढंच म्हणायचा आणि ठेवून द्यायचा.

दुसऱ्या दिवशी, "आज पोटात हालचाल कमी हाय म्हनते."

मी म्हणायचो, डॉक्टरला दाखव. तो म्हणायचा, "दाखवलं. डॉक्टर म्हनते, चांगलं हाय. तुमाले काय वाटते?" फोन ठेवल्यावर माझा हात टोपलीवर शिंपडत राहायचा आणि गजरे लगदा व्हायचे. बायको विचारायची, काय म्हणतो माझा भाऊ. मी म्हणायचो, खुशाली. एकदा त्यानं फोन केला आणि काही बोललाच नाही. नुसता श्वास ऐकू आला, बराच वेळ. मग म्हणाला, "काही नाई. पाहून राहिलो, तुमी उचलता का."

त्या दिवसांत मी देवाला एवढं काही बोललो की नवस मोजायला माणूस ठेवावा लागला असता. कोणत्या डोंगराकडे तोंड करून बोलायचं, तेवढं ठरत नव्हतं.

मुलगी झाली. चांगली, रडकी, भरल्या वजनाची. त्याची बायकोही सुखरूप. बातमी सांगायला फोन सासूबाईंनी केला, त्यानं केला नाही.

बारशाला गेलो. घर बायकांनी भरलं होतं, पाळण्याला आमच्याच दुकानातल्या झेंडूच्या माळा. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या आणि सासूबाई शेजारणींना नवसाची गोष्ट सांगायला लागल्या. साळा दारात उभा होता. मोठ्यानं म्हणाला, "माय, तू काहून सांगून राहिली? भाऊजी हायेत ना. त्यायनंच तं पाह्यली देवी."

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"सांगा ना," साळा म्हणाला. "तोंड कोन्या बाजूले होतं देवीचं?"

"पूर्वेले," मी म्हणालो.

"अन् डोळे?"

"डोळे मोठे. एक जरासा वर."

"वर काहून?"

"भक्ताकडे बघाले," मी म्हणालो. एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. ती पदर लावेपर्यंत मी थांबलो आणि मग पुढे सांगितलं. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा नाही आणि यापेक्षा मोठी चैन नाही. तो एकेक प्रश्न टाकत गेला, मी एकेक उत्तर देत गेलो. अंगावर काय होतं, पुजारी होता का (नव्हता, कारण ते मूळ ठाण), प्रसाद कसा लागला. "गोड होता का प्रसाद?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, गोड होता. त्याची बायको बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती, तोंड अर्धवट उघडं, लहान मुलासारखी.

माझं संपल्यावर ती सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, इचं जावळ तिथंच काढू. देवीच्या पुढं. भाऊजींनी सांगितलं तिथं, मूळ ठानावर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. डोक्यावर काळंभोर जावळ, घामानं चिकटलेलं.

जेवणं झाल्यावर मी मागं हात धुवायला गेलो. साळा बादलीतून पाणी घालत होता. मला वाटलं होतं तो चिडलेला असेल. तसा तो दिसत नव्हता. डोळ्यांत तोच भाव होता, दुरडी घेऊन खडकाला टेकला होता तेव्हाचा.

"भाऊजी, खरं सांगा. हे पोट्टी कोनाची?"

"म्हंजे?"

"त्या डोंगरावरच्या देवीले आमी एक कळी नाई दिली. हे पोट्टी तिनं ठेवली का त्या दगडानं? कोनाचं देनं हाय माह्यावर?"

मी म्हणालो, "डॉक्टरनं ठेवली, बह्याडा."

"तुमी सांगा तिले असं," तो घराकडे मान करून म्हणाला. "जाऊन सांगा. मी थांबतो."

मी गेलो नाही. त्यानं माझ्या हातावर पाणी घातलं.

"मी तिले पायऱ्यायनं नेईन, देवळात," तो म्हणाला. "जावळ तिथंच काढीन. पन तो दगड तसाच ठेवून मी लेकरू दुसऱ्या दारात नेनार नाई. मले भेव वाटते. तुमी बसवली ना? मंग तुमीच उठवा."

"उठवा म्हंजे? शेंदूर खरवडू का?"

"मले काय मालूम. तुमी बसवली."

जावळ फाल्गुनात ठरलं आहे. दुकानावर एक गुरुजी रोज दूर्वा न्यायला येतात. बसवलेला देव उठवायचा कसा, हे मी त्यांना आडून विचारलं. त्यांनी विचारलं, कोणत्या मंत्रानं बसवला होता. मी म्हणालो, तहान लागली होती. ते हसले, त्यांना वाटलं मी नेहमीसारखी मस्करी करतोय, आणि दूर्वा घेऊन निघून गेले.